समीकरण जुळलं तरी गुण का कापले? पाण्यातल्या अभिक्रियांची आयनिक समीकरणं

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. बारावीच्या सराव परीक्षेत ऍसिटिक ऍसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या अभिक्रियेचं निव्वळ आयनिक समीकरण विचारलं होतं. तू लिहिलंस, हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी तयार होतं. अणू जुळले, प्रभार जुळला, तरी गुण कापले. त्याखाली तू असंही विचारलंयस, की कुठला पदार्थ आयनांत तोडायचा आणि कुठला अख्खा ठेवायचा हे नुसतं पाठ करायचं, की त्यामागे काही विचार आहे?

विचार आहे, आणि गुण कापणाऱ्या सरांचंही बरोबर आहे. तू बडोद्याचीच आहेस म्हणून सांगते: मी बरीच वर्षं नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात पाणी तपासणीच्या लॅबमध्ये होते. आता रावपुऱ्यात संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. लॅबमध्ये आयन रोज मोजावे लागत, त्यामुळे खालची बरीच उदाहरणं तिथलीच आहेत.

तुझी अडचण समीकरण संतुलित करण्याची नाहीच. ते तुला येतं. संतुलन हे शेवटचं काम आहे. त्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो आणि तोच बहुतेक मुलं गाळतात: या क्षणी बीकरमध्ये हा पदार्थ कोणत्या रूपात आहे? आयनिक समीकरण म्हणजे बीकरमध्ये खरोखर काय आहे आणि त्यातलं काय बदललं याबद्दलचं विधान. ते संतुलित असूनही खोटं असू शकतं, आणि तुझं तसंच झालं.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक खुलासा. मी इथे सूत्रांऐवजी नावं लिहिते आणि कंसात प्रभार. तू वहीत सूत्रंच लिही.

ऍसिटिक ऍसिड हे सौम्य आम्ल आहे एवढं पाठ असतं सगळ्यांना. त्याचा अर्थ मात्र आकड्यात बघायला हवा. लिटरमागे ०.१ मोल ऍसिड असलेल्या द्रावणात, साधारण २५ अंश तापमानाला, ऍसिटिक ऍसिडच्या हजार रेणूंमागे जेमतेम तेरा रेणू आयनांत विभागलेले असतात. बाकी जवळजवळ सगळे अख्खे. मग समीकरणाच्या डाव्या बाजूला 'हायड्रोजन आयन' लिहिणं म्हणजे त्या तेरांबद्दल बोलणं आणि उरलेल्या नऊशे सत्याऐंशींना विसरणं. बीकरमध्ये जे मुख्यत्वे आहे ते लिहायचं:

ऍसिटिक ऍसिड + हायड्रॉक्साइड (−) → ऍसिटेट (−) + पाणी

सोडियम दोन्हीकडे तसाच राहतो, म्हणून गळतो. डावीकडे एकूण प्रभार उणे एक, उजवीकडेही उणे एक.

तू म्हणशील, शेवटी हायड्रोजन जाऊन हायड्रॉक्साइडलाच मिळतो ना? मिळतो. पण तो आधी ऍसिटेटपासून सुटावा लागतो, आणि सुटण्याचा हिशोब तुझ्या समीकरणात कुठेच नाही. हा केवळ लिहिण्याचा संकेत नाही, थर्मामीटरवर दिसणारी गोष्ट आहे. हायड्रोक्लोरिक ऍसिडमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड घाल, किंवा नायट्रिक ऍसिडमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड घाल. विरल द्रावणांत दर मोल पाण्यामागे जवळपास सारखीच, म्हणजे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. आम्ल वेगळं, आम्लारी वेगळी, उष्णता तीच. याचं कारण दोन्हीकडे प्रत्यक्षात घडणारी गोष्ट एकच आहे, हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांचं पाणी होणं. आता हायड्रोजन सायनाइडसारखं फार सौम्य आम्ल घेतलं, तर हीच उष्णता १२ किलोज्यूलच्या आसपास उतरते. उरलेली ऊर्जा हायड्रोजनला सायनाइडपासून सोडवण्यात खर्च होते. ऍसिटिक ऍसिडच्या बाबतीत फरक थोडा आहे, पण तत्त्व तेच. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ आर्हेनियसने १८८४ मध्ये आपल्या प्रबंधात क्षार पाण्यात आपोआप आयनांत विभागतात असं मांडलं तेव्हा त्याच्या परीक्षकांना ते फारसं पटलं नव्हतं. त्याच सिद्धांतासाठी त्याला १९०३ चं नोबेल मिळालं. तीव्र आम्लांची ही सारखी उष्णता त्या सिद्धांताच्या बाजूचा मोठा पुरावा ठरली.

आता पद्धत. प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचार, याच क्रमाने. हा पाण्यात विरघळलेला आहे का? आणि विरघळला असेल तर विभागलेला आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच तोडायचं. साखर विरघळते पण विभागत नाही, म्हणून अख्खी. ऍसिटिक ऍसिड विरघळतं पण फारसं विभागत नाही, म्हणून अख्खं. बेरियम सल्फेट विरघळतच नाही, म्हणून दुसऱ्या प्रश्नापर्यंत जायचंच नाही. वायू आणि पाणी हेही अख्खेच.

पाठ करायचं ते फार थोडं उरतं. तीव्र आम्लं बोटांवर मोजण्याइतकी आहेत: हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोआयोडिक, नायट्रिक, परक्लोरिक आणि सल्फ्युरिक (त्याचा पहिला हायड्रोजन तरी नक्की). यादीत नाही ते आम्ल सौम्य धरून चाल, अभ्यासक्रमापुरतं ते चालतं. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम यांचे क्षार आणि सगळे नायट्रेट विरघळतात. क्लोराइडमध्ये सिल्व्हर आणि लेड वेगळे काढ. सल्फेटमध्ये बेरियम आणि लेड वेगळे, कॅल्शियमचं सल्फेट थोडंच विरघळतं. कार्बोनेट, फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड बहुतेक विरघळत नाहीत. लेड क्लोराइडचं मात्र लक्षात ठेव: गार पाण्यात त्याचा पांढरा अवक्षेप (न विरघळलेला घन) तळाशी बसतो, गरम पाण्यात तो बराच विरघळतो. नियम लिहिताना तापमान लिहायचं राहून जातं, पण ते गृहीत धरलेलं असतं.

आयन हे कागदावरचं प्रकरण नाही, हे मला लॅबमध्ये सगळ्यात चांगलं कळलं. पाण्यातलं क्लोराइड मोजायचं तर ब्यूरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडतात, आणि दर्शक म्हणून पाण्यात थोडं पोटॅशियम क्रोमेट घालतात. आधी पांढरा अवक्षेप येत राहतो:

सिल्व्हर (+) + क्लोराइड (−) → सिल्व्हर क्लोराइड, घन

क्लोराइड संपलं की पुढचा सिल्व्हर क्रोमेटला जाऊन मिळतो आणि विटकरी लाल रंग दिसतो:

२ सिल्व्हर (+) + क्रोमेट (२−) → सिल्व्हर क्रोमेट, घन

पाण्यात ते क्लोराइड मिठामधून आलं, कॅल्शियम क्लोराइडमधून आलं की मॅग्नेशियम क्लोराइडमधून, ब्यूरेटला त्याचा काही फरक पडत नाही. म्हणूनच पाण्याच्या रिपोर्टात सहसा 'सोडियम क्लोराइड इतकं' असं नसतं. क्लोराइड, सल्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे वेगवेगळे रकाने असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम अशी आयनाचीच दिलेली आहे. घरच्या बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट मिळाला तर जरूर बघ. निव्वळ आयनिक समीकरण लिहिण्यामागे जो विचार आहे, त्याच विचाराने ते रकाने केलेले आहेत.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टींकडे येते, कारण पाठांतर नेमकं तिथे दगा देतं.

चुना घे. कॅल्शियम हायड्रॉक्साइड ही तीव्र आम्लारी आहे, म्हणजे त्यातलं जेवढं विरघळतं तेवढं पूर्ण विभागतं. पण विरघळतं किती? लिटरभर पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅम. चुन्याची गाळलेली निवळी हातात असेल तर तीत कॅल्शियम आयन आणि हायड्रॉक्साइड आयन सुटे आहेत. तिच्यात हायड्रोक्लोरिक ऍसिड घातलं तर समीकरण साधं:

हायड्रोजन (+) + हायड्रॉक्साइड (−) → पाणी

कारखान्यात आम्ल असलेलं सांडपाणी उदासीन करायला मात्र निवळी वापरत नाहीत, चुन्याचं दाट दूध वापरतात. त्यात बहुतेक चुना घन कणांच्या रूपात तरंगत असतो. मग तोच पदार्थ अख्खा लिहायचा:

कॅल्शियम हायड्रॉक्साइड, घन + २ हायड्रोजन (+) → कॅल्शियम (२+) + २ पाणी

सांडपाण्यात सल्फ्युरिक ऍसिड भरपूर असेल तर आणखी बदल होतो. तयार होणारं जिप्सम, म्हणजे पाणी धरून ठेवलेलं कॅल्शियम सल्फेट, लिटरमागे दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं, त्याहून जास्त झालं की टाकीच्या तळाशी बसायला लागतं. तेव्हा:

कॅल्शियम हायड्रॉक्साइड, घन + २ हायड्रोजन (+) + सल्फेट (२−) → जिप्सम, घन

जिप्सममध्ये कॅल्शियम सल्फेटच्या एका एककाबरोबर पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून वेगळं पाणी लिहावं लागत नाही. मोजून बघ, दोन्हीकडे ऑक्सिजन सहा, हायड्रोजन चार, प्रभार शून्य. सांडपाणी विरळ असेल तर जिप्सम बसतच नाही आणि सल्फेट दोन्हीकडे तसाच राहतो. चुना तोच, ऍसिडही तेच, पण समीकरणं दोन. 'चुन्याची आणि सल्फ्युरिक ऍसिडची अभिक्रिया लिहा' एवढंच कुणी विचारलं, तर मी आधी विचारेन, चुना कसा आहे आणि ऍसिड किती? परीक्षेत असं विचारता येत नाही, म्हणून प्रश्नातले 'निवळी', 'चूर्ण', 'विरल', 'संहत' हे शब्द सोडू नकोस. उत्तर बऱ्याचदा त्यांच्यात असतं.

कार्बोनेटचंही असंच आहे. सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात थेंब थेंब आम्ल घातलं तर सुरुवातीला बुडबुडे जवळजवळ येत नाहीत. आधी कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं:

कार्बोनेट (२−) + हायड्रोजन (+) → बायकार्बोनेट (−)

हे संपलं की पुढे:

बायकार्बोनेट (−) + हायड्रोजन (+) → कार्बन डायऑक्साइड + पाणी

पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल उदासीन करण्याची क्षमता, मोजताना म्हणूनच दोन दर्शक लागतात. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग पहिल्या टप्प्याच्या शेवटी जातो, मिथिल ऑरेंज दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी बदलतं. 'आम्ल जास्त प्रमाणात' असं म्हटलं असेल तरच दोन्ही एकत्र करून एक समीकरण लिही.

इथवरचं एका वाक्यात सांगायचं तर: रूप ठरवायचं, दोन्हीकडे तसंच राहिलेलं गाळायचं, मग अणू आणि प्रभार दोन्ही जुळवायचे. आता गाळण्याबद्दल थोडं.

'प्रेक्षक आयन', म्हणजे दोन्हीकडे तसाच राहणारा आयन, ही गोष्ट मुलं आयनाचा स्वभाव असल्यासारखी पाठ करतात. सोडियम प्रेक्षक, नायट्रेट प्रेक्षक, सल्फेट प्रेक्षक. तसं नसतं. सल्फेट एका अभिक्रियेत नुसता बघत बसतो आणि बेरियम समोर आला की तोच मुख्य होतो. बेरियम हायड्रॉक्साइडमध्ये सल्फ्युरिक ऍसिड घालण्याचा प्रयोग यासाठी मला फार आवडतो. बरीच मुलं सवयीने फक्त पाणी तयार झाल्याचं लिहितात. खरं तर दोन गोष्टी एकदम घडतात:

बेरियम (२+) + २ हायड्रॉक्साइड (−) + २ हायड्रोजन (+) + सल्फेट (२−) → बेरियम सल्फेट, घन + २ पाणी

यात गाळण्यासारखं काहीच नाही. द्रावणात दोन तारा सोडून बल्ब लावला, तर थेंब थेंब ऍसिड पडताना तो मंद होत जातो, बरोबर प्रमाण आलं की जवळजवळ विझतो आणि आणखी ऍसिड घातलं की पुन्हा लागतो. वीज वाहून नेणारे आयन संपले होते, हे डोळ्यांनी दिसतं. शाळेत हा प्रयोग दाखवत असतील तर पुढच्या बाकावर बस. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात, घरी करायचा हा प्रयोग नाही.

याच्या उलटही होतं. सगळंच गळून जातं. सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम नायट्रेट यांची द्रावणं मिसळ, अवक्षेप नाही, वायू नाही, सौम्य आम्ल नाही. चारही आयन दोन्हीकडे. तिथे 'अभिक्रिया नाही' हेच पूर्ण उत्तर आहे, आणि ते ठामपणे लिहायला शीक.

आता प्रभार. अवक्षेपाच्या अभिक्रियांत अणू जुळले की प्रभार बहुधा आपोआप जुळतो, म्हणून तो तपासायची सवय लागत नाही. इलेक्ट्रॉनची देवघेव आली की ही सवय नसल्याचा फटका बसतो. तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटमध्ये सोडली की मुलं लिहितात, तांबं आणि सिल्व्हर (+) मिळून तांबं (२+) आणि सिल्व्हर. अणू मोजले तर सगळे जुळतात. प्रभार मात्र डावीकडे अधिक एक, उजवीकडे अधिक दोन. तांब्याने दोन इलेक्ट्रॉन दिले, ते घ्यायला दोन सिल्व्हर हवेत:

तांबं + २ सिल्व्हर (+) → तांबं (२+) + २ सिल्व्हर

मोठ्या समीकरणांत अंदाज चालत नाही. तिथे मी नेहमी दोन अर्ध्या अभिक्रिया, एक इलेक्ट्रॉन घेणारी आणि एक देणारी, वेगळ्या लिहायला सांगते. लॅबमधलंच उदाहरण घेते. क्रोमियम असलेल्या सांडपाण्यात डायक्रोमेट असतं आणि ते घातक. आम्लधर्मी पाण्यात सोडियम बायसल्फाइट घालून त्याचं क्रोमियम (३+) करतात. पिवळ्या-नारिंगी पाण्याला हिरवट रंग येतो.

पहिली अर्धी. डायक्रोमेटमध्ये क्रोमियम दोन, म्हणून उजवीकडे दोन. त्यातले सात ऑक्सिजन पाण्यात जातात, म्हणून उजवीकडे सात पाणी. त्यांच्यासाठी डावीकडे चौदा हायड्रोजन आयन. आता प्रभार: डावीकडे अधिक बारा, उजवीकडे अधिक सहा. म्हणून डावीकडे सहा इलेक्ट्रॉन.

डायक्रोमेट (२−) + १४ हायड्रोजन (+) + ६ इलेक्ट्रॉन → २ क्रोमियम (३+) + ७ पाणी

दुसरी अर्धी. बायसल्फाइटला सल्फेट व्हायला एक ऑक्सिजन हवा, तो पाण्यातून येतो.

बायसल्फाइट (−) + पाणी → सल्फेट (२−) + ३ हायड्रोजन (+) + २ इलेक्ट्रॉन

दुसरीला तीनने गुणलं की इलेक्ट्रॉन सहा-सहा होऊन जातात. चौदा हायड्रोजन आयनांतून नऊ वजा, सात पाण्यातून तीन वजा:

डायक्रोमेट (२−) + ३ बायसल्फाइट (−) + ५ हायड्रोजन (+) → २ क्रोमियम (३+) + ३ सल्फेट (२−) + ४ पाणी

डावीकडे उणे दोन, उणे तीन, अधिक पाच, म्हणजे शून्य. उजवीकडे अधिक सहा, उणे सहा, शून्य. हे समीकरण आणखी एक गोष्ट सांगतं: हायड्रोजन आयन खर्च होतात. म्हणजे ही प्रक्रिया चालू असताना पाण्याचा पीएच वर चढत जातो आणि आम्ल घालत राहावं लागतं. टाकीवरचा माणूस पीएच मीटरकडे का बघत असतो, त्याचं उत्तर या पाचाच्या आकड्यात आहे. पुढे चुना किंवा कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घालून क्रोमियम हायड्रॉक्साइडचा गाळ पाडतात:

क्रोमियम (३+) + ३ हायड्रॉक्साइड (−) → क्रोमियम हायड्रॉक्साइड, घन

कॉस्टिक हात सैल सोडून घातलं तर हाच गाळ पुन्हा विरघळायला लागतो, कारण हे हायड्रॉक्साइड उभयधर्मी आहे, म्हणजे आम्लातही विरघळतं आणि जास्त आम्लारीतही. पुन्हा तेच, किती घातलं यावर उत्तर बदलतं.

माध्यमाकडेही असंच लक्ष ठेव. आम्लात परमँगनेटचं फिकट मँगनीज (२+) होतं, उदासीन पाण्यात तपकिरी मँगनीज डायऑक्साइड होऊन तो खाली बसतो. फेरस आयनाबरोबरचं आम्लातलं समीकरण तुझ्या पुस्तकात असेलच:

परमँगनेट (−) + ५ लोह (२+) + ८ हायड्रोजन (+) → मँगनीज (२+) + ५ लोह (३+) + ४ पाणी

यासाठी सल्फ्युरिक ऍसिड घेतात, हायड्रोक्लोरिक घेत नाहीत. परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करतं, आणि मग ब्यूरेटवरचा आकडा वाढीव येतो. उदासिनीकरणात प्रेक्षक असलेला क्लोराइड इथे अभिक्रियेत उतरतो.

परीक्षेपुरतं थोडं. हायड्रोजन आयन लिहायचा की हायड्रोनियम (पाण्याच्या रेणूला जोडलेला हायड्रोजन आयन), यावर वाद घालू नकोस. दोन्ही मान्य आहेत, पण एका समीकरणात एकच वापर, आणि पाण्याचा हिशोब त्याप्रमाणे ठेव. जुन्या पुस्तकांत 'अमोनियम हायड्रॉक्साइड' असेल तिथे विरघळलेला अमोनिया असं वाच आणि अख्खा लिही, तो सौम्य आहे. प्रत्येक पदार्थापुढे घन, द्रव, वायू की जलीय ही खूण कर. ती खूण करायला थांबलीस की रूपाचा प्रश्न आपोआप विचारला जातो, म्हणून माझ्या वर्गात खुणेशिवाय समीकरण मी तपासतच नाही.

आता तू तीन लिहून बघ. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात लेड नायट्रेटचं द्रावण. किटलीत बोअरच्या पाण्याने बसलेला कॅल्शियम कार्बोनेटचा थर आणि त्यावर व्हिनेगर. अमोनियम क्लोराइडच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड घालून गरम केलेलं मिश्रण. दुसऱ्यात तुझा ऍसिटिक ऍसिडचा प्रश्न पुन्हा समोर येईल, शिवाय तिथे एक घन पदार्थही आहे. प्रत्येक पदार्थासमोर तो तोडला किंवा अख्खा ठेवला त्याचं कारण एका ओळीत लिही आणि इथेच टाक. मी समीकरणाआधी ती कारणं वाचेन.